वर्षअखेरीचं अर्पण: शेवटच्या रविवारी आठवण झाली म्हणजे उशीर झालेला असतो

नोव्हेंबर अर्धा संपला की चर्चच्या कमिटीत कुणीतरी हमखास म्हणतं, अरे वर्ष संपत आलं, बजेटमध्ये खड्डा आहे, काहीतरी करायला पाहिजे. मग घाईघाईत एक पत्र टाईप होतं, पाळकसाहेब उपासनेच्या शेवटी दोन मिनिटं अवघडून बोलतात, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर क्यूआर कोड पडतो, आणि बाकावर बसलेला माणूस मनात म्हणतो की दर रविवारी थैलीत टाकतोच की आम्ही, आता हे नवीन काय काढलं. गंमत अशी की मागणारे आणि देणारे दोघंही गोंधळलेले असतात.

मी काही वर्षं चर्चचा खजिनदार होतो (दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून), आणि वर सांगितलेला सगळा घोळ मी स्वतः घातलेला आहे. त्यामुळे ही वर्षअखेरीची मोहीम म्हणजे काय, ती कशी आखायची, आणि लोक जे प्रश्न विचारतात त्यात किती दम आहे, हे जमेल तेवढ्या सोप्या भाषेत सांगतो.

दर रविवारी अर्पण असतं, मग हे वेगळं काय?

चर्चमध्ये पैसा साधारण तीन वाटांनी येतो. पहिलं रविवारचं अर्पण, जे त्या दिवशी जो हजर असेल तो देतो. दुसरा दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, जो काही घरं ठरवून नियमित देतात. आणि तिसरं विशेष अर्पण, एखाद्या कामासाठी किंवा एखाद्या निमित्ताने. वर्षअखेरीची मोहीम ही या तिसऱ्या वाटेवरची.

घरच्या हिशोबाने बघा. पगारातून भाडं, वीजबिल, किराणा जातो, आणि बोनस आला की आपण छताची गळती काढतो नाहीतर जुनं कर्ज फेडतो. बोनसच्या भरवशावर किराणा भरायला लागलो तर घराचं काहीतरी बिघडलंय. चर्चचंही तेच आहे, पाळकांचा पगार आणि विजेचं बिल जर दरवर्षी डिसेंबरच्या अर्पणातूनच भागत असेल तर मोहीम कितीही छान करा, मूळ दुखणं नियमित देण्याच्या सवयीत आहे. एखाद्या वर्षी खड्डा पडतो, ठीक आहे, पण मग ते सरळ सांगावं. "मिशनसाठी" म्हणून मागायचं आणि वीजबिल भरायचं, हे करू नये. त्यावर पुढे बोलूच.

डिसेंबरच का, तर नाताळ असतो, एरवी न दिसणारी माणसं चर्चमध्ये दिसतात, मन जरा मऊ असतं, आणि कित्येक देशांत करवर्ष त्याच महिन्यात संपतं. या शेवटच्या कारणामुळे मात्र जो गोंधळ होतो तो आधी निस्तरू.

वर्षअखेर नक्की कुठली?

हा प्रश्न बावळट वाटतो, पण मोहिमेची अख्खी तारीखवारी यावर उभी आहे. इंटरनेटवर चर्चच्या वर्षअखेरीच्या अर्पणाबद्दल जे काही वाचायला मिळतं त्यातलं बहुतेक अमेरिकेतलं असतं. तिथं करवर्ष 31 डिसेंबरला संपतं, म्हणून सगळी धावपळ त्या रात्री बारापर्यंत. तिथला नियमही मजेशीर आहे. 31 डिसेंबरपर्यंत पोस्टात टाकलेला चेक त्याच वर्षात धरला जातो, मग तो चर्चला जानेवारीत का मिळेना. क्रेडिट कार्डवर त्या दिवशी रक्कम पडली तरी चालतं, बिल तुम्ही नंतर भरा. पण जानेवारीच्या पहिल्या रविवारी थैलीत टाकलेल्या चेकवर 31 डिसेंबर लिहिलं तर उपयोग शून्य, कारण तो दिला जानेवारीत. आणि "देईन" म्हणून नुसतं वचन दिलं तर तेही धरत नाहीत, पैसा हातातून सुटला पाहिजे. 250 डॉलर किंवा त्याहून जास्त एकरकमी दिले असतील तर चर्चकडून लेखी पोचपावती लागते, आणि तिच्यात बदल्यात काही वस्तू किंवा सेवा दिली की नाही तेही लिहावं लागतं.

अमेरिकेतली अजून एक गोष्ट बरेच जण विसरतात. 2018 पासून तिथं सरसकट मिळणारी वजावट जवळपास दुप्पट झाली, त्यामुळे दानाची वेगळी वजावट मांडणारे करदाते सुमारे 30 टक्क्यांवरून 10 टक्क्यांच्या आसपास आले. म्हणजे दहातल्या नऊ घरांना "कर वाचवा" या वाक्याचा फारसा उपयोगच राहिला नव्हता, तरी पत्रात ते वाक्य आपलं दरवर्षी छापून येतच होतं. 2026 पासून नियम परत बदललाय, आता वेगळी वजावट न मांडणाऱ्यालाही रोख दानावर एकट्याला 1,000 आणि जोडप्याला मिळून 2,000 डॉलरपर्यंत सूट आहे. काही घरं दोन वर्षांचं दान एकाच वर्षात एकत्र देऊन सूट घेतात, आणि मग पुढच्या वर्षी त्यांच्या नावापुढे शून्य दिसलं की खजिनदाराची झोप उडते. ती माणसं कुठेही गेलेली नसतात, आधी विचारा.

ब्रिटनमध्ये करवर्ष संपतं 5 एप्रिलला. ही विचित्र तारीख कुठून आली याचा माग काढला तर गोष्ट चर्चच्याच कॅलेंडरपर्यंत पोचते. इंग्लंडात नवं वर्ष पूर्वी 25 मार्चला सुरू व्हायचं, देवदूताने मरियेला निरोप सांगितला तो सण, आणि 1752 मध्ये कॅलेंडर बदलताना 11 दिवस गळाले त्यामुळे हिशोबाचं टोक एप्रिलमध्ये सरकलं. तिथं गिफ्ट एड नावाची योजना आहे, कर भरणाऱ्याने एक फॉर्म भरून दिला की त्याच्या प्रत्येक पौंडामागे चर्चला सरकारकडून 25 पेन्स जास्त मिळतात. तिथल्या चर्चने डिसेंबरमध्ये नुसते ते फॉर्म भरून घेतले तरी अर्धी मोहीम झाली म्हणायची.

भारतात आर्थिक वर्ष 31 मार्चला संपतं, आणि इथं तर अजून सांभाळून बोलायला लागतं. लोक ज्याला 80जी म्हणतात ती दानावरची आयकर सूट केवळ धार्मिक कामासाठीच्या दानाला साधारणपणे मिळत नाही, सरकारने खास अधिसूचित केलेल्या प्रार्थनास्थळांच्या दुरुस्तीसारखे अपवाद सोडून. चर्चच्या समाजकार्याचा ट्रस्ट वेगळा असेल आणि त्याला नोंदणी असेल तर गोष्ट वेगळी. त्यामुळे आपल्या सीएला विचारल्याशिवाय पत्रात "करसवलत मिळेल" असं लिहू नका, अमेरिकेतला नमुना उतरवून काढताना हे वाक्य चिकटून येतं आणि नंतर निस्तरताना नाकी नऊ येतात. दुसरं म्हणजे परदेशातून येणारा पैसा. त्याला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते आणि त्यासाठी नेमून दिलेलं वेगळं खातं लागतं. कुणाचा मुलगा परदेशात आहे आणि तिथला नागरिक झालाय, त्याने हौसेने क्यूआर कोड स्कॅन करून पैसे पाठवले तर तेही कायद्याने परदेशी दानच. ग्रुपवर लिंक टाकण्याआधी हा विचार करा.

तर आधी आपलं वर्ष कुठलं ते ठरवा. नाताळ आणि करवर्ष वेगवेगळ्या महिन्यांत येत असेल तर डिसेंबरच्या मोहिमेत करावर बोलूच नका, कृतज्ञतेवर बोला. पुढच्या तारखा मी 31 डिसेंबर धरून सांगतोय, तुमचं टोक दुसरं असेल तर तेवढं सरकवून घ्या.

पत्राच्या आधी वही उघडायची

मोहीम म्हटली की सगळ्यांना पत्र आठवतं, फ्लेक्स आठवतो, व्हिडिओ आठवतो. हे सगळं नंतर. सप्टेंबरात एक संध्याकाळ काढून गेल्या तीन वर्षांची वही घेऊन बसायचं आणि चार प्रश्न विचारायचे. किती घरं देतात, किती नियमित देतात, गेल्या वर्षी दिलं होतं पण यावर्षी दिलं नाही असे किती, आणि यावर्षी पहिल्यांदा दिलेले कोण. या चार गटांना एकच पत्र पाठवणं म्हणजे लग्न झालेल्यालाही आणि सुतक असलेल्यालाही एकच शुभेच्छा कार्ड धाडण्यासारखं आहे.

हे मी हवेत बोलत नाही. एका वर्षी मी जुनी यादी न तपासता लेबलं छापली. त्यात एका गृहस्थांचं नाव होतं जे मार्चमध्ये वारले होते, मी स्वतः त्यांच्या अंत्यविधीला होतो. "प्रिय बंधू, गेल्या वर्षीप्रमाणे यंदाही आपण" असं सुरू होणारं पत्र त्यांच्या पत्नीच्या हातात पडलं. त्या पुढच्या रविवारी मला काही बोलल्या नाहीत, फक्त ते पाकीट न फोडता माझ्या हातात दिलं. त्या दिवसापासून यादी छापायच्या आधी चर्चमधल्या दोन जुन्या मावशींना बसवून ती मोठ्याने वाचून दाखवायची पद्धत मी सुरू केली, कोण गेलं, कोणाचं घर बदललं, कोणाची नोकरी गेली, कुणाकडे आजारपण चालू आहे हे त्यांना जेवढं माहीत असतं तेवढं कुठल्याही सॉफ्टवेअरला माहीत नसतं.

आता आकड्यांची एक गंमत. कमिटीत नेहमी असा हिशोब मांडला जातो की एवढी रक्कम हवी, घरं एवढी, भागा, प्रत्येकी एवढे आले की झालं. कागदावर बरोबर आणि प्रत्यक्षात कधीच न घडणारं. समजा 100 घरं आहेत आणि एकूण 100 हिस्से हवेत. प्रत्यक्षात काय होतं तर एक घर 15 हिस्से देतं, दोन घरं 10-10, पाच घरं 5-5, दहा घरं 2-2, आणि चाळीस घरं अर्धा-अर्धा. बेरीज करून बघा, 15, 20, 25, 20 आणि 20, झाले 100. देणारी घरं 58, बाकी 42 घरांनी काहीच दिलं नाही आणि तरी मोहीम पूर्ण झाली. आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत, तुमच्या वहीत वेगळे असतील, पण उतरंड अशीच दिसते.

यावरून दोन गोष्टी कळतात. एक, वरच्या आठ घरांशी पत्राने बोलायचं नसतं, समोर बसून बोलायचं असतं, तेही ऑक्टोबरात, कारण मोठी रक्कम कुणी उपासनेच्या शेवटच्या दोन मिनिटांत ठरवत नाही, घरात बोलणं होतं, कधी शेअर विकायचे असतात, कधी एफडी मोडायची असते. दुसरी गोष्ट, खालची चाळीस घरं रकमेने छोटी वाटतात पण उद्या वरची जागा घेणारी माणसं त्यांच्यातूनच येतात, त्यामुळे त्यांच्या अर्ध्या हिश्शालाही तेवढंच नीट उत्तर गेलं पाहिजे.

कशासाठी, हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे

"चर्चच्या विविध गरजांसाठी सढळ हाताने अर्पण करावे" हे वाक्य वाचून आजवर कुणाचा हात सढळ झालेला मी पाहिला नाही. उलट "रविवार शाळेच्या खोलीचं छत गळतंय, पावसाळ्यात मुलं एका कोपऱ्यात सरकून बसतात, पुढच्या पावसाआधी ते बदलायचंय आणि खर्चाचा अंदाज हा आहे" असं लिहिलं की माणसाला छत दिसतं. एकच मोठं काम घ्या, फार तर दोन. सहा कामांची यादी दिली की वाचणारा सहाही विसरतो.

पण इथं एक कायदेशीर पाचर आहे. छतासाठी म्हणून घेतलेला पैसा छतालाच लावावा लागतो, याला राखीव निधी म्हणतात, म्हणजे देणाऱ्याने ज्या कामासाठी दिला त्या कामाशी बांधलेला पैसा. तो जनरेटरकडे वळवता येत नाही, नियत कितीही चांगली असो. मग छताचं होऊन वर पैसे उरले तर? किंवा एवढे कमी आले की छत होणारच नाही, तर? याचं उत्तर पत्रातच आधी लिहून टाकायचं, एक ओळ पुरते: "काम पूर्ण होऊन शिल्लक राहिल्यास ती इमारतीच्या इतर दुरुस्तीसाठी वापरली जाईल." ही ओळ नसल्यामुळे होणारी भांडणं मी पाहिलीत, ती डिसेंबरात होत नाहीत, पुढच्या वार्षिक सभेत होतात.

उलटं कॅलेंडर

तहान लागल्यावर विहीर खणायची नसेल तर शेवटच्या तारखेपासून मागे मोजत यायचं. गाडी पकडायची असते तेव्हा आपण हेच करतो, गाडी सहाची, स्टेशनला साडेपाच, मग घरातून पाच, मग बॅग आदल्या रात्रीच.

शेवटची तारीख 31 डिसेंबर. त्याआधीचे तीन-चार दिवस छोट्या आठवणी, दोन ओळींचा मेसेज, आणि दिवसभर फोन उचलायला एक माणूस, कारण त्या दिवशी कुणाचं तरी पेमेंट अडकतंच. आम्ही एका वर्षी ऑनलाइन पेमेंटची चाचणी घेतली नाही, आणि 30 तारखेला कळलं की त्या सेवेने एका दिवसात किती रक्कम घ्यायची याची मर्यादा घालून ठेवली होती आणि ती सकाळीच भरून गेली होती. मोहिमेच्या पंधरा दिवस आधी कमिटीतल्या सगळ्यात कमी मोबाईल कळणाऱ्या माणसाला फोन द्या आणि सांगा, आता यावरून पैसे दे. तो जिथे अडकेल तिथे सगळे अडकणार आहेत.

त्याच्या मागे आगमनकाळ, नाताळाच्या आधीचे चार रविवार, जो वर्षानुसार 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबरच्या दरम्यान कधीतरी सुरू होतो. म्हणजे तुमच्या हातात खरे रविवार चारच आहेत, आणि चारही रविवारी पैशावर बोललात तर लोक पाचव्या रविवारी येणार नाहीत. एका रविवारी काम काय आहे ते सांगा, एका रविवारी ज्यांचं आयुष्य चर्चमुळे थोडं सावरलं अशा कुणालातरी तीन मिनिटं बोलू द्या, एका रविवारी आतापर्यंत किती जमले तो आकडा सांगा, आणि एक रविवार पूर्ण गप्प बसा. नाताळच्या उपासनेत मागू नये असं माझं ठाम मत आहे, कमिटीत माझं कुणी ऐकलं नाही ती गोष्ट वेगळी. त्या दिवशी वर्षातून एकदा येणारी माणसं आलेली असतात, त्यांच्या मनात चर्च म्हणजे पैसे मागणारी जागा असं कशाला बसवायचं.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मुख्य पत्र. जमलं तर मंगळवारी, कारण अमेरिकेतल्या थँक्सगिव्हिंगनंतरचा मंगळवार 2012 पासून गिव्हिंग ट्यूजडे म्हणून पाळतात आणि आता तो बऱ्याच देशांत पसरलाय. पण त्या दिवशी सगळ्याच संस्था मागत असतात, त्यामुळे त्याच्या फार नादी लागू नका.

आणि पत्राच्या तीन आठवडे आधी, नोव्हेंबरच्या सुरुवातीला, एक आभाराचं पत्र जाऊ दे ज्यात काहीही मागितलेलं नसेल. क्यूआर कोडसुद्धा नको. यावर्षी तुमच्या पैशातून काय काय झालं एवढंच. हे सगळ्यात स्वस्त काम आहे आणि हेच सगळ्यात जास्त राहून जातं. ऑक्टोबरात काम आणि रक्कम ठरवणं, मोठ्या देणाऱ्यांना भेटणं, आणि कमिटीतल्या प्रत्येकाने स्वतःचं आधी देणं किंवा लिहून देणं. ज्यांनी स्वतः दिलेलं नाही त्यांच्या तोंडून मागणी ऐकताना लोकांना ते बरोबर कळतं, कसं ते विचारू नका.

कधी कधी एखादा मोठा देणारा म्हणतो की बाकीचे जेवढे देतील तेवढेच मी देतो, याला मॅचिंग म्हणतात. चांगली गोष्ट आहे, देणाऱ्याला वाटतं की आपल्या एकाचे दोन झाले. फक्त ते खरं असू द्या. तो माणूस काहीही झालं तरी पूर्ण रक्कम देणारच असेल आणि आपण "तुम्ही दिलं तरच तो देईल" असं सांगत असू, तर ती थाप आहे, आणि निदान चर्चमध्ये तरी थापा मारू नयेत.

पत्र कसं असावं

एक पान. कोणाचं तरी नाव वर, "सर्व सभासदांस" नको. पहिल्या परिच्छेदात आभार, दुसऱ्यात काम, तिसऱ्यात किती हवेत आणि कधीपर्यंत, शेवटी कसे द्यायचे. खाली पाळकसाहेबांची शाईची सही, आणि सहीखाली हाताने लिहिलेली एक ओळ. ही हाताची ओळ सगळ्यात आधी वाचली जाते, "तुमच्या मुलीने रविवार शाळेत शिकवायला घेतलं, बरं वाटलं" एवढीच लिहा. शंभर पत्रांवर शंभर ओळी लिहायला दोन संध्याकाळी लागतात, पाळकसाहेब कुरकुरतात, पण करतात.

घाबरवू नका. "आपण मदत न केल्यास चर्चचे दरवाजे बंद होतील" हे एकदा चालतं, दुसऱ्या वर्षी दरवाजे उघडेच दिसले की लोक हसतात.

"देवाच्या घरात पैशाची भाषा कशाला?"

हा आक्षेप सगळ्यात जुना आणि सगळ्यात मनापासूनचा, त्यामुळे तो झटकून टाकू नये. पण बायबल उघडून बघा. साधारण इ.स. 55 च्या आसपास पौल यरुशलेममधल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी ठिकठिकाणच्या मंडळ्यांतून पैसा गोळा करत होता. करिंथकरांच्या पहिल्या पत्राच्या 16व्या अध्यायात तो सांगतो की आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या कमाईच्या मानाने बाजूला काढून ठेवा, म्हणजे मी आल्यावर जमवाजमव करायला नको. दुसऱ्या पत्राचे 8 आणि 9 हे दोन अध्याय तर आपल्या कमिटीचं इतिवृत्तच वाटतात. तुम्ही गेल्या वर्षीच तयारी दाखवली होती, आता पुरं करा. मासेदोनियातल्या मंडळ्या स्वतः गरीब असून त्यांनी ऐपतीपलीकडे दिलं. मी भावांना पुढे पाठवतोय, रक्कम आधीच तयार असू दे, म्हणजे ती खुशीने दिलेली वाटेल, उकळलेली वाटणार नाही. आणि तीताबरोबर मंडळ्यांनी निवडलेला एक भाऊही येतोय, का, तर एवढ्या मोठ्या रकमेबाबत कुणी आमच्यावर बोट ठेवू नये.

आठवड्याची सवय, वर्षभरापूर्वीचं वचन, दुसऱ्यांचं उदाहरण, आगाऊ आठवण, आणि पैशाबरोबर बाहेरचा साक्षीदार. पैशाची भाषा चर्चला नवीन नाही, फक्त पौलाने जबरदस्ती आणि लपवाछपवी या दोन गोष्टी बाहेर ठेवल्या होत्या.

"गरीब माणसावर दडपण येतं"

येतं. खरंच येतं. मोहिमेचा बोर्ड लावून त्यावर देणाऱ्यांची नावं आणि रकमा लिहिणं, रांगेने पुढे येऊन पाकीट ठेवायला लावणं, मायक्रोफोनवर आकडा वाचणं, हे सगळं देऊ न शकणाऱ्याला मागच्या बाकावर ढकलतं. बोर्ड लावायचाच तर एकूण रकमेचा लावा.

आणि एक विनंती, विधवेच्या दोन दमड्यांची गोष्ट (जवळ होतं ते सगळं तिने मंदिराच्या दानपेटीत टाकलं ती) मागणीच्या पत्रात वापरू नका. मार्कच्या 12व्या अध्यायात ती गोष्ट येते खरी, पण तिच्या लगेच आधी येशू अशा शास्त्र्यांपासून सावध राहा म्हणतो जे विधवांची घरं गिळतात. ही दोन वाक्यं एकमेकांना खेटून आहेत. ज्या घरात नोकरी गेलीय त्या घराला मागणीचं पत्र पाठवायच्या आधी त्या घराला चर्चची गरज आहे का हे विचारायला माणूस गेला पाहिजे, मावशींची यादी इथेही कामाला येते.

"उजव्या हाताचं डाव्या हाताला कळू नये ना?"

बरोबर, पण ते देणाऱ्यासाठी सांगितलंय, खजिनदारासाठी नाही. खजिनदाराला नाव आणि रक्कम कळल्याशिवाय पावती कशी फाडणार. प्रश्न खरा असा आहे की आणखी किती जणांना कळावं. पाळकांना माहीत असावं की नसावं यावर चर्चाचर्चांत वाद आहेत, एक बाजू म्हणते पाळकाला घराची अवस्था त्यातून कळते, दुसरी म्हणते त्याची नजर बदलते. मला दुसरी बाजू पटते. नावांची वही दोनच जणांकडे असावी आणि त्यांनी तोंड बंद ठेवावं.

"पैसा जातो कुठे, कोण बघतं?"

हा प्रश्न विचारणाऱ्याला चर्चमध्ये उगाच संशयी ठरवतात, खरं तर त्याला चहा पाजायला हवा. थैलीतला पैसा दोन माणसांनी मिळून मोजायचा, आणि ती दोघं एका घरातली नसावीत. मोजणीच्या कागदावर दोघांच्या सह्या, बँकेत भरणा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, आणि मोजणारा, भरणारा, वहीत लिहिणारा हे तिघं एकच माणूस नको. क्यूआर कोड चर्चच्या नावाच्या खात्याचा हवा, खजिनदाराच्या स्वतःच्या खात्याचा कधीच नको, "तात्पुरता" म्हणूनही नको. कितीही प्रामाणिक माणूस असला तरी नियम त्याला वाचवण्यासाठीच असतात, आरोप झाला की त्याच्या हातात दाखवायला कागद असतो.

जानेवारी

बहुतेक चर्चेसची मोहीम 31 डिसेंबरला संपते, आणि तिथेच पुढच्या वर्षीचं नुकसान सुरू होतं. पहिल्या आठवड्यात प्रत्येक देणाऱ्याला आभार गेले पाहिजेत, आणि पहिल्यांदा देणाऱ्यांना तर फोन. एकूण किती आले ते रविवारी सांगायचं, कमी आले असतील तरी सांगायचं आणि मग काय करणार तेही. आम्हाला एका वर्षी लागणाऱ्या रकमेच्या दोन तृतीयांशच मिळाले. अर्धं छत केलं, फोटो लावला, उरलेल्या अर्ध्याचा अंदाज खाली लिहिला, आणि कुणी काही न मागता मार्चपर्यंत बाकीचे येत राहिले.

त्या बाई, ज्यांच्या नवऱ्याच्या नावाने माझ्याकडून पत्र गेलं होतं, त्यांनी पुढच्या डिसेंबरात पाकीट दिलं, आत चेक होता आणि चिठ्ठी की पावती यांच्या नावाने करा. मी त्यांना समजावलं की चेक तुमच्या खात्यातला आहे, पावती तुमच्याच नावाने करायला लागेल, पण वहीत शेवटच्या रकान्यात "यांच्या स्मरणार्थ" असं लिहिता येतं. त्यांनी वही मागितली, रकाना बघितला आणि म्हणाल्या, "मग तुम्ही नको, मीच लिहिते."